भुकटीतल्या गुठळ्या : पावसाळ्यातील ओलाव्याचा हिशेब

पावसाळा लागला की औषधांच्या ठोक बाजारात एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलांच्या ड्राय सिरपच्या बाटलीत पावडर तळाशी चिकटून बसलेली असते. ओ.आर.एस.ची पुडी हाताला खड्यासारखी लागते. युनानी दवाखान्यात सफूफाच्या बरणीत चमचा शिरत नाही. गिऱ्हाईक माल परत करते, दुकानदार तो ठोक व्यापाऱ्याकडे पाठवतो, आणि ठोक व्यापारी कारखानदाराच्या बिलातून रक्कम कापून घेतो. मोठ्या कंपनीला ही तूट सहन होते. आठ-दहा माणसांवर चालणाऱ्या लहान युनिटचा मात्र एका बॅचमध्ये हंगामाचा नफा बुडतो.

अशा वेळी आमचे बांधव म्हणतात, "पावसाळाच तो, काय करणार?" आमचे म्हणणे असे की पावसाळ्याला दोष देऊन खाते जुळत नाही. भुकटीत गुठळी होण्यामागे ठराविक कारणे आहेत. ती समजून घेतली तर बराचसा तोटा थोड्या खर्चात टाळता येतो. हा प्रश्न पैशापुरताही नाही. पुडीच्या दुसऱ्या टोकाला जुलाबाने बेजार झालेले एखादे लेकरू असते, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

कोणी विचारील, कापडवाल्यांनी औषधाच्या भुकटीवर का लिहावे? त्याचे कारण ओलावा हेच आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना ओलाव्याचा हिशेब लहानपणापासून ठाऊक असतो. सुताच्या व्यवहारात १०० किलो पूर्ण कोरड्या कापसामागे ८.५ किलो पाणी धरूनच वजन मान्य होते. हवा कोरडी पडली की ताण्याचे धागे तुटू लागतात, म्हणून विणकामाच्या शेडमध्ये मुद्दाम ओलावा राखतात. जे पाणी आमच्या मागाचे दोस्त, तेच औषधाच्या भुकटीचे दुश्मन. दोन्ही ठिकाणी ते मोजावे लागते, डोळे झाकून चालत नाही.

पाणी येते कोठून?

पुष्कळांचा समज असा की छप्पर गळत नाही, फरशी कोरडी आहे, म्हणजे खोलीत पाणी नाही. हा समज चुकीचा आहे. पाणी हवेत असते. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने धरून ठेवू शकते. कोकणपट्टीत आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते. आता हिशेब करा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या रिकाम्या दिसणाऱ्या खोलीत जवळजवळ पाऊण लिटर पाणी तरंगत असते. दार उघडे राहिले की भुकटीने जेवढे शोषले तेवढे पुन्हा बाहेरून भरून येते. झरा आटतच नाही.

प्रत्येक पदार्थाची पाणी ओढण्याची एक हद्द असते. हवेतील आर्द्रता त्या हद्दीच्या खाली असेपर्यंत पदार्थ कोरडा राहतो. हद्द ओलांडली की तो हवेतून पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतो. शुद्ध मिठाची हद्द सुमारे ७५ टक्के आहे, पोटॅशियम क्लोराईडची सुमारे ८४ टक्के. म्हणून उन्हाळ्यात मीठ सुटे राहते आणि पावसाळ्यात बरणीला पाणी सुटते.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली शुद्धतेची. मिठागरातल्या खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराईड मिसळलेले असते, आणि त्याची हद्द अवघी ३३ टक्के. आपल्याकडच्या हवेत इतका कोरडेपणा बहुधा नसतोच. म्हणून कच्चे मीठ बाराही महिने ओलसर लागते. औषधासाठी स्वस्तातले मीठ घेऊन दोन पैसे वाचवणारा माणूस गुठळ्या विकतच घेत असतो. दुसरी गोष्ट मिश्रणाची. दोन क्षार वेगवेगळ्या डब्यांत ठेवले तर ज्या आर्द्रतेला ते कोरडे राहतात, त्याच आर्द्रतेला एकत्र केल्यावर ओले होऊ शकतात. मिश्रणाची हद्द त्यातल्या सर्वांत कमजोर घटकाच्या हद्दीपेक्षाही खाली जाते. त्यामुळे "प्रत्येक माल कोरडा तपासून घेतला होता" हे उत्तर मिश्रणाच्या बाबतीत पुरे पडत नाही.

गुठळी बांधते कशी?

भुकटीच्या दोन कणांमध्ये ओलाव्याचा बारीक थेंब बसला की तो दोघांना ओढून धरतो. ओली वाळू हातात घेतली की तिचा लाडू होतो, तसेच हे. पण एवढ्याने माल बिघडत नाही. ही गुठळी बोटाने दाबली की फुटते. खरी अडचण पुढे आहे. त्या थेंबात थोडे मीठ किंवा थोडी साखर विरघळते. हवा बदलली किंवा खोलीतले यंत्र सुरू झाले की थेंब आटतो, आणि विरघळलेला पदार्थ दोन कणांच्या मधोमध स्फटिक होऊन बसतो. हा पक्का सांधा. विटांमध्ये सिमेंट भरावे तसा. कधी ओले, कधी कोरडे असे चक्र आठ-दहा वेळा फिरले की पुडीचा दगड होतो. म्हणून सतत दमट हवेपेक्षा वरखाली होणारी हवा कित्येकदा जास्त नुकसान करते.

वजनाचाही यात हात असतो. गोदामात गोणीवर गोणी रचली की तळातल्या गोणीतले कण एकमेकांवर दाबले जातात, आणि त्यांच्यातले सांधे लवकर पक्के होतात. वरच्या थरातला माल चांगला निघतो, खालचा फोडावा लागतो. हे प्रत्येक गोदामवाल्याने पाहिलेले आहे.

गुठळी केवळ पावसाळ्यातच होते असेही नाही. ग्लुकोज दोन प्रकारचे मिळते. एक निर्जल, दुसरे एकजल. एकजल ग्लुकोजच्या स्फटिकातच सुमारे ९ टक्के पाणी बांधलेले असते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालचे गोदाम तापले की ते बांधलेले पाणी सुटू लागते आणि बंद पुडीच्या आत ओलावा तयार होतो. पुडीला छिद्र नाही, पाऊस नाही, तरी आत गुठळी. उलट निर्जल ग्लुकोज दमट हवेत उघडे राहिले तर ते पाणी घेऊन एकजल बनू पाहते, आणि त्या बदलातही कण एकमेकांना चिकटतात. कोणता प्रकार घेतला आहे हे गोणीवरच्या लेबलावरून पाहून घ्यावे, कारण दोहोंचे वजनही सारखे धरता येत नाही. जेथे १३.५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज लागते, तेथे एकजल १४.८५ ग्रॅम घालावे लागते.

ओ.आर.एस.च्या पुडीची कहाणी

गुठळीचा प्रश्न साऱ्या जगाच्या आरोग्याशी कसा जोडला गेला, हे ओ.आर.एस.च्या पुडीवरून चांगले समजते.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. कलकत्त्यातील त्यांच्या संस्थेच्या ग्रंथालयाच्या खोलीत ही भुकटी वजन करून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली जाई, आणि पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने बंद केले जाई. ना मोठे यंत्र, ना वातानुकूलित खोली. छावणीतील कॉलराचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. डॉ. महालनवीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हीच पुडी जगभर पोचवायचे ठरवले. १९७५ च्या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी मीठ ३.५ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ग्लुकोज २० ग्रॅम असे प्रमाण होते. छावणीत माल बनला की लगेच वापरला जात होता, तेथे साठवणुकीचा सवाल नव्हता. आता पुडीला जहाजातून जायचे होते, उष्ण देशांतील गोदामांत महिनोन्‌महिने पडून राहायचे होते. तेथे अडचण उभी राहिली. बायकार्बोनेट म्हणजे खाण्याचा सोडा अल्कधर्मी असतो. ओलावा शिरला की त्याच्या संगतीने ग्लुकोज बिघडू लागते, भुकटी आधी पिवळी, मग तपकिरी पडते आणि गोळा बनते. ते टाळायचे तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे महाग पाकीट लागे. गरीब देशांच्या औषधात पाकिटाची किंमतच डोईजड होऊ लागली.

उपाय पाकिटात सापडला नाही, मिश्रणात सापडला. १९८४ मध्ये बायकार्बोनेट काढून त्याच्या जागी ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम घालण्याची शिफारस झाली. सायट्रेट तेच काम करते आणि दमट हवेत ग्लुकोजला तसे बिघडवत नाही. पुडी जास्त दिवस टिकू लागली. २००२ मध्ये मीठ आणि ग्लुकोज कमी करून आजचे सूत्र ठरले. मीठ २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी.

शेजारच्या बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० नंतर दुसरी वाट धरली. त्यांच्या कार्यकर्त्या महिला घरोघर गेल्या आणि चिमूटभर मीठ व मूठभर गूळ पाण्यात कालवून द्रावण कसे करावे हे आयांना शिकवले. गुळाला पाणी सुटते, त्याचा गोळाही होतो. पण तेथे मिश्रण साठवायचेच नव्हते, मूल आजारी पडले की करून पाजायचे होते. धंद्याच्या नजरेने यातून एक मोठा धडा मिळतो. जी वस्तू साठवली की बिघडते, तिच्यासाठी दोनच रस्ते आहेत. घटक बदला, नाहीतर साठवणूक कमी करा. यंत्राचा नंबर त्यानंतर लागतो.

गुठळी धोक्याची का?

काही जण म्हणतील, गुठळी फोडून पाण्यात ढवळली की झाले, औषध तेच आहे. पूर्ण पुडीच्या आत गुठळी झाली असेल, रंग बदलला नसेल आणि ती पूर्ण विरघळत असेल, तर हे काही अंशी खरे. कारखान्यात भरण्याआधीच गुठळी झाली असेल, तर मात्र अजिबात खरे नाही.

१०० किलोची बॅच घ्या. वरच्या सूत्राने त्यात ग्लुकोज ६५.९ किलो, सायट्रेट १४.१ किलो, मीठ १२.७ किलो आणि पोटॅशियम क्लोराईड ७.३ किलो येते. या मालातून सुमारे ४,८७८ पुड्या निघतात. आता मिक्सरमध्ये मिठाच्या गुठळ्या तशाच राहिल्या, तर काही पुड्यांत मीठ जास्त जाईल आणि काहींत कमी. वजनकाटा मात्र प्रत्येक पुडी बरोबर २०.५ ग्रॅमच दाखवील. काट्याला मीठ आणि ग्लुकोज यांतला फरक कळत नाही. जुलाबाने सुकलेल्या तान्ह्या मुलाला जादा मीठ गेले तर रक्तातील सोडियम वाढून जिवावर बेतू शकते. कमी गेले तर औषधाचा गुण येत नाही. पोटॅशियमचेही तसेच. म्हणून गुठळी ही दिसण्याची खोट नाही, ती मापाची खोट आहे.

पाण्यावाचून होणाऱ्या गुठळ्या

कण फार बारीक असले तर ओलाव्याशिवायही ते एकमेकांना धरून बसतात. जाड वाळू चाळणीतून खळखळ पडते, मैदा पडत नाही. कण जितका लहान, तितके त्याचे वजन कमी आणि चिकटण्याचा जोर वजनाच्या मानाने अधिक. त्यात घर्षणाने स्थिर वीज भरली की भुकटी प्लास्टिकच्या घमेल्याला आणि चाळणीच्या काठाला चिकटते. टेरिकॉटच्या कामात कोरड्या दिवसांत कापड अंगाला चिकटते, तीच ही वीज.

दम्याच्या रोग्याला कोरडी भुकटी श्वासातून ओढायला देतात, तेथे हा प्रश्न सर्वांत कठीण होतो. फुप्फुसात खोलवर पोचायचे तर औषधाचा कण १ ते ५ मायक्रॉनचा हवा, आणि इतके बारीक कण गुठळी केल्याशिवाय राहत नाहीत. म्हणून ते लॅक्टोजच्या मोठ्या कणांवर चिकटवून कॅप्सूलमध्ये भरतात. श्वासाच्या झोताने औषध लॅक्टोजपासून सुटते आणि आत जाते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने अशी कोरड्या भुकटीची इन्हेलर भारतात घराघरांत पोचवली. चिकटण्याचा जो गुण दोष वाटतो, तोच येथे अक्कलहुशारीने कामाला लावला आहे.

लहान युनिटने काय करावे?

महागड्या यंत्रांची यादी देऊन आम्ही वाचकांना घाबरवणार नाही. कामे क्रमाने सांगतो.

पहिले काम मोजण्याचे. भरण्याच्या खोलीत तापमान आणि आर्द्रता दाखवणारे यंत्र लावा, आणि दर दोन तासांनी आकडा वहीत लिहा. विणकाम खात्यात ओल्या फडक्याचा आणि कोरडा असे दोन थर्मामीटर पाटीवर लावलेले असतात, तोही चालेल. जो आकडा लिहिला जात नाही, तो सुधारत नाही.

दुसरे काम खोलीचे. सबंध कारखाना कोरडा करण्याची गरज नाही. चाळणे, मिसळणे आणि भरणे ही तीन कामे एका लहान, दुहेरी दाराच्या खोलीत आणा आणि तेवढ्याच खोलीत डीह्युमिडिफायर लावा. नुसता एअर कंडिशनर हवा थंड करतो. थंड झालेल्या हवेची आर्द्रता टक्केवारीने बेताची उतरतेच असे नाही. हवा कोरडी करणारे यंत्र वेगळे असते, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवा.

तिसरे काम गोणी उघडण्याचे. थंड खोलीतली गोणी दमट खोलीत आणून लगेच उघडू नये. थंड मालावर हवेतले पाणी दवासारखे जमते. गोणी बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच तोंड सोडावे. तसेच ड्रायरमधून काढलेली गरम भुकटी तशीच पिशवीत बांधू नये. ती थंड होताना आतला ओलावा पिशवीच्या कडेला सरकतो आणि तेथे गोळे धरतात. कोरड्या खोलीत थंड करून मगच बंद करावी.

चौथे काम चाळणीचे. प्रत्येक घटक वेगळा चाळून घ्यावा आणि मिश्रण झाल्यावर पुन्हा चाळावे. कणांचे आकार शक्य तितके जवळचे असावेत. मिठाचे जाड खडे आणि ग्लुकोजची बारीक पूड एकत्र केली तर हादऱ्याने बारीक माल खाली जातो, जाड वर येतो. जो घटक थोडा आहे तो एकदम ओतू नये. आधी तेवढ्याच ग्लुकोजमध्ये मिसळावा, मग दुप्पट मालात, मग त्याच्या दुप्पट, असे वाढवत जावे. हकीमसाहेबांच्या खरलात थोड्या प्रमाणातली दवा अशीच टप्प्याटप्प्याने मिळवतात. मिक्सर जास्त वेळ फिरवला म्हणजे मिश्रण जास्त चांगले, असेही नाही. ठराविक वेळेपलीकडे माल पुन्हा वेगळा होऊ लागतो.

पाचवे काम परीक्षेचे. १०० मिलीच्या काचेच्या मापात भुकटी हळूच भरा आणि ते माप टेबलावर ठोकत राहा, पातळी खाली जायची थांबेपर्यंत. १०० ची पातळी ८५ च्या वर राहिली तर भुकटी चांगली वाहते. ८० च्या आसपास आली तर सावध व्हा. ७४ च्या खाली गेली तर ती यंत्रात अडकणार आणि पुड्यांचे वजन वरखाली होणार हे पक्के समजा. या परीक्षेला खर्च जवळजवळ काहीच नाही.

सहावे काम पाकिटाचे. नुसत्या प्लास्टिकमधून वाफ हळूहळू आत जाते. फॉइलचा थर असलेले पाकीट ती रोखते, पण शिलाई पक्की असेल तरच. दर तासाला काही पुड्या रंगीत पाण्यात बुडवून, हवा ओढून, आत रंग जातो का पाहावे. पुडीच्या शिवणीत भुकटीचा एक दाणा अडकला तरी तेथून ओलावा शिरतो.

गुठळी न होऊ देणारे पदार्थही असतात, जसे अतिबारीक सिलिका, टाल्क, मॅग्नेशियम स्टिअरेट. अमेरिकेत १९११ पासून एका मीठ कंपनीने मॅग्नेशियम कार्बोनेट घालून पावसाळी हवेतही सुटे वाहणारे मीठ विकले. पण औषधात असा पदार्थ परवान्यातील सूत्रात असेल तरच आणि तेवढ्याच प्रमाणात घालता येतो. कोणी सांगितले म्हणून मनाने घालू नये. आणि हे पदार्थ ओल्या मालाला कोरडे करत नाहीत, कोरड्या मालाला सुटा ठेवतात.

दळून पुन्हा भरलेला माल

आता एका कडू गोष्टीकडे यावे लागते. परत आलेला गुठळीचा माल फोडून, दळून, चाळून नव्या पुडीत आणि नव्या तारखेने भरण्याचा मोह काही ठिकाणी होतो, हे बाजारात सर्वांना माहीत आहे. तो करणारा म्हणतो, "माल तोच आहे, फक्त सुटा केला."

तो माल तोच राहिलेला नसतो. चाळणी गुठळी फोडते, पण आत शिरलेले पाणी बाहेर काढत नाही. बिघडलेले ग्लुकोज पुन्हा चांगले होत नाही. विरघळून एका जागी जमलेले मीठ सगळीकडे सारखे पसरेलच याची हमी नाही. आणि जो माल एकदा ओला झाला त्याच्या कणांवर आधीच सांधे धरलेले असतात, म्हणून तो दुसऱ्यांदा लवकर गोळा होतो. कायद्याच्या दृष्टीने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली दर्जाहीन औषध बनवणे आणि विकणे हा गुन्हा आहे.

आमच्यासाठी त्याहून मोठा एक हिशेब आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. ही हदीस आमच्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. नीट पाहिले तर त्या विक्रेत्याचे कारणही पाऊसच होते, आणि ते कारण मान्य झाले नाही. माल ओला झाला हा गुन्हा नव्हता, तो झाकला हा होता. कुरआन शरीफमधील सूरह मुतफ्फिफीन माप मारणाऱ्यांविषयी आहे. पुडीत मीठ कमीजास्त जाणे हेही मापच आहे, आणि येथे घेणारा आजारी मूल आहे, जे तक्रारही करू शकत नाही.

पुढचा रस्ता

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये औषध कारखान्यांसाठी सुधारित शेड्यूल एम जाहीर केले. २५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान-मध्यम युनिटना पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत वाढवून मिळाली होती. हवा, आर्द्रता, नोंदी, परत आलेला माल या सर्वांचा हिशेब त्यात मागितला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओ.आर.एस.' हा शब्द वापरण्यास मनाई केली. बाजार कोणत्या दिशेने चालला आहे हे यावरून समजावे. ज्याची वही आणि माल दोन्ही साफ आहेत, त्याला या नियमांचे भय नाही, उलट त्याची गिऱ्हाइकी वाढणार आहे.

आमच्या बिरादरीत अत्तारी दुकाने आहेत, मसाल्याच्या गिरण्या आहेत, युनानी दवा बनवणारे आहेत, रंग आणि कांजीच्या पावडरींचे व्यापारी आहेत. गुठळीचा शास्त्रीय हिशेब या सगळ्यांना सारखाच लागू पडतो. मीठ आणि क्षार असलेला सफूफ असो की मागाच्या कांजीची पावडर, पाणी आपली वाट सोडत नाही. तारापूर, महाड, लोटे अशा औद्योगिक वसाहतींत पावसाळ्याचे चार महिने हीच लढाई चालते. आमच्या बी.फार्म. आणि डी.फार्म. झालेल्या मुलांना केवळ काउंटरवर उभे करण्यापेक्षा अशा युनिटमध्ये आर्द्रतेच्या वहीवर आणि मिश्रणाच्या परीक्षेवर बसवले, तर त्यांचे शिक्षण कामी येईल आणि मालकाचा तोटा वाचेल.

मृग नक्षत्र लागण्याआधी शेतकरी घर शाकारतो. औषधवाल्यांनीही मे महिन्यातच खोलीची दारे, पाकिटांची शिवण आणि मिठाची शुद्धता तपासून घ्यावी. पहिल्या सरीनंतर सुचलेले शहाणपण परत आलेल्या मालाच्या रूपाने महाग पडते. ग्राहकांनाही एक विनंती. पुडीचा रंग बदललेला असेल, पुडी फुगलेली किंवा फाटलेली असेल, किंवा भुकटी पाण्यात पूर्ण विरघळत नसेल, तर ती लेकराला पाजू नका, दुकानदाराकडे परत करा. आणि दुकानदाराने ती फळीवर पुन्हा न मांडता कारखान्याकडे पाठवावी. हलाल रोजी कमावणाऱ्या प्रत्येकाच्या हातून सुटी, कोरडी आणि मापात बरोबर अशी पुडी बाहेर पडो, आमीन.